टनबाई आणि आमचं बंदर

टनबाईंना क्विंटल चालत नसे. आमच्या देऊळगाव राजात सोयाबीन क्विंटलवर विकतं, कापूस क्विंटलवर विकतो, आणि रागाच्या भरात कुणी कुणाचं वजन काढलं तर तेही क्विंटलमध्येच काढतं. पण बाई बाजाराच्या रस्त्यानं निघाल्या की ओळखीच्या अडत्याला थांबवून विचारणार, "आज आवक किती?" तो क्विंटलचा आकडा सांगणार आणि बाई मान हलवणार. "टनात सांगा हो. मले टनाशिवाय समजत नाही." तो बिचारा उभ्या उभ्या भागाकार करी. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला आज भात किती टन शिजला असेल ते विचारलं होतं, आणि तो गंभीर चेहऱ्यानं "आचाऱ्याला विचारून येतो" म्हणून गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव टनबाई ठेवलं. तोंडावर आम्ही नुसतं बाई म्हणत असू. पण ते दुसरं नाव त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं, असा मला दाट संशय आहे.

बाई मूळच्या जानेफळच्या. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे, घर बौद्ध, आणि शिकायचं म्हणजे शिकायचंच असा घराचा दंडक. सांख्यिकी घेऊन एम.एस्सी. झाल्या आणि सगळी नोकरी एका मोठ्या बंदराच्या सांख्यिकी विभागात केली. कोणत्या जहाजातून काय उतरलं, काय चढलं, किती आणि कुठलं, याचा हिशेब ठेवणारा तो विभाग. त्याच विभागाच्या प्रमुख म्हणून त्या निवृत्त झाल्या. लोकांना वाटलं, आता समुद्राकाठी फ्लॅट घेऊन हवा खात बसतील. बाई आल्या देऊळगाव राजाला. इथं धाकटी बहीण दिलेली होती, जालन्याची बस सहज मिळे आणि इंटरनेटची लाइन बरी होती, एवढं त्यांना पुरलं. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापडाच्या दुकानावर त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि समुद्राचं तोंड न पाहिलेल्या गावात बंदराचा हिशेब सुरू केला.

काम असं होतं: बंदरातल्या मालाच्या नोंदी ठेवायचं कंत्राट पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. त्यातला मोठा वाटा बाईंनी भांडून इकडे आणला. जहाजांचे कागद आमच्या संगणकावर येत. त्यातला माल वर्गवार लावायचा, वजनं भरायची, आणि महिनाअखेरीला तक्ता तयार करून बाईंच्या सहीनं पुण्याला पाठवायचा. बाईंनी कामाला सगळ्या बायकाच घेतल्या. काहींना दोन दोन लेकरं होती, तरी बाई सगळ्यांना "पोरीहो" म्हणत. मी लग्न मोडून माहेरी परतले होते. वडिलांची भाजीपाल्याची शेती. घरात मला कुणी टोचून बोलत नव्हतं, पण ताटात भाकरी वाढताना आई जरा जास्तच मायेनं वाढायची, आणि ते मला टोचायचं. या नोकरीनं ते थांबलं. मी सकाळी डबा घेऊन निघे आणि संध्याकाळी दमून परत येई, इतर कामाच्या माणसांसारखी. ती नोकरी माझ्यासाठी काय होती हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याच नोकरीची गोष्ट आहे.

बाईंची काम शिकवायची तऱ्हा विचित्र होती. कागद आला की लगेच भरायचा नाही. आधी जहाजाचं नाव मोठ्यानं वाचायचं, कुठून आलं ते सांगायचं, आणि त्याच्या पोटात काय आहे ते डोळे मिटून बघायचं. "आंधी पाह्य, मंग भर," हे त्यांचं पालुपद. कोळसा असेल तर काळा ढीग दिसला पाहिजे, खत असेल तर पोती दिसली पाहिजेत. खालचा कापड दुकानदार वर चहाचं विचारायला आला की त्याला पाच-सहा बायका डोळे मिटून बसलेल्या दिसत. त्यानं गावभर सांगितलं की बाई वर विपश्यना घेतात. बाईंनी ते कधी खोडून काढलं नाही.

आमच्यातली शबाना हाताला फार चपळ. तिला हे डोळे मिटणं म्हणजे वेळेचा नास वाटे. एकदा तिनं न बघता एक अख्खं जहाज बेकरीच्या मालात टाकलं. कागदावर इंग्रजीत केक लिहिलं होतं म्हणून. ती सोयाबीनची ढेप होती, तेल काढून उरलेली, जनावरांना घालतात ती. शबानाच्या घरी दोन म्हशी होत्या आणि त्यांच्यापुढं रोज तीच ढेप पडत होती. बाईंनी तक्ता वाचला, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "शबाना, वाढदिवस कोणाचा होता वं? जहाजभर केक?" पुढं कितीतरी दिवस म्हशींना चारा टाकून आलीस का, याच्याऐवजी केक कापून आलीस का, असं आम्ही शबानाला विचारत असू. ती चिडायची, पण त्यानंतर डोळे मिटायला लागली.

पुण्याच्या कंपनीशी आठवड्याला एकदा संगणकावर बोलणं होई. तिकडचे एक सर होते, चाळिशीचे, नीटनेटके. त्यांनी एकदा अडखळत सुचवलं की बंदराचे साहेब लोक असताना मॅडमनी थोडं प्रमाण भाषेत बोललं तर बरं पडेल. आम्ही सगळ्या बाईंकडे बघायला लागलो. बाई अख्ख्या नोकरीत तशाच बोलत आल्या होत्या, स्वतःबद्दलसुद्धा "मी जातो, मी येतो" असंच म्हणत, जानेफळकडच्या बायका म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "सर, जहाजाले कोणती मराठी समजते ते मले सांगा. मी तेच बोलतो." पुढच्या बैठकीत बंदराचे साहेब होते. बाईंनी मुद्दाम खणखणीत "जय भीम, कसे हा साहेब?" म्हणून सुरुवात केली आणि जरा जास्तच वऱ्हाडी बोलल्या. तिकडून एक साहेब हसून म्हणाले, "मॅडम, मी अकोल्याचा हो. बोला, बोला." सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि आम्ही तो मनसोक्त पाहून घेतला.

आता उठबशीबद्दल सांगायला हवं. जहाजावर लोखंडी खोके एकावर एक रचलेले असतात, त्यांना कंटेनर म्हणतात. खालचा खोका आमच्या बंदरात उतरवायचा आणि वरचा पुढच्या बंदरात जायचा, असं बरेचदा होतं. मग वरचा खोका धक्क्यावर काढून ठेवायचा, खालचा काढून घ्यायचा, आणि वरचा परत त्याच जहाजात ठेवायचा. बंदरात त्याला इंग्रजी शब्द आहे, पण आम्ही त्याचं नाव उठबस ठेवलं. उठला आणि बसला. मी नवीन असताना असे खोके मालात धरले होते. उतरला म्हणजे उतरला, असा माझा हिशेब. बाईंनी मला समोर बसवलं.

"तुह्या बापाचा टेम्पो जालन्याले जाते ना? खाली कोबीचे क्रेट अन् वर वांग्याचे. रस्त्यात एखाद्याले कोबी द्याची हाय. मंग काय करते तो?"

"वांग्याचे क्रेट खाली ठेवतो. कोबी काढतो. वांगे परत वर."

"मंग वांगे इकले काय?"

"नाही."

"मंग बंदरानं काऊन आल्याचं दाखवावं? मेहनत झाली, माल नाही आला. मेहनतीचा रकाना अलग, मालाचा अलग."

घरी हे वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढ्यासाठी एम.एस्सी. व्हावं लागतं व्हय?" पण तेव्हापासून माझ्या हातून उठबस कधी मालात गेली नाही.

आणि मार्च आला. आमचं बंदर आणि दुसरं एक बंदर यांच्यात त्या साली सगळ्यांत जास्त माल कुणाचा, या पहिल्या नंबरासाठी चुरस होती. आमचं जरासं मागं पडत होतं. पुण्याच्या कंपनीचं कंत्राटही त्याच सुमारास नवं व्हायचं होतं, त्यामुळे बंदराच्या साहेबांना खूश करायची त्यांना घाई. सर स्वतः गाडी काढून देऊळगावला आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. बाईंच्या बहिणीनं पाठवलेली भाकरी आणि ठेचा त्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला. हात धुऊन झाल्यावर मात्र ते कामाचं बोलले. या महिन्यात उठबशीचे खोके मालाच्या रकान्यात घ्यायचे, बस एवढंच.

"मॅडम, नियमात तसं स्पष्ट कुठे लिहिलंय? आणि खोका धक्क्यावर उतरतो हे तर खरंच आहे ना. एका महिन्याचा प्रश्न आहे."

"महिना एकच हाय सर," बाई म्हणाल्या, "पन आकडा कायमचा राह्यते. पुढच्या साली त्याच आकड्यावर नवा धक्का मागतीन. त्याच्यासाठी कोणाची तं जागा जाईन, कोणाचं तं घर जाईन. अन् जो माल आलाच नाही, तो त्या धक्क्यावर उतरवीन कोण?"

सरांनी गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "मग मला काम पुण्याला घ्यावं लागेल. इथलं ऑफिस राहणार नाही. मला वाईट वाटेल."

"घ्या," बाई म्हणाल्या. "चहा घेता काय?"

सर गेले. शबाना पदराशी चाळा करत होती. मला मात्र राहवलं नाही. एवढ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न, आणि बाईंनी चहा विचारावा तितक्या सहज तो उडवून लावला होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला पेन्शन हाये. तुम्हाला 'घ्या' म्हणायला काय लागतं? आमचं काय?"

मी ते बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही. कुणीतरी विचारायलाच हवं होतं. बाईंनाही राग आला नाही. त्या म्हणाल्या, "हाव, खरं हाय तुहं. मले पेन्शन हाय म्हनूनच नाही म्हनता आलं. तुह्या जागी असतो तं काय केलं असतं, मले माहीत नाही. पन ज्याले परवडते, त्यानं तरी नाही म्हनावं ना वं. त्यानंबी नाही म्हनलं तं मंग कोण म्हनन?" मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "मी सही करत नाही. पन मी तुमाले अडवतबी नाही. तुमच्यापैकी कोणाले सही कराची असन तं करा. मी खुर्ची सोडून देतो, ऑफिस तुमचं. मी कोणाले नाव नाही ठेवनार."

यावर मी आणखीच चिडले. चांगलं भांडावं तर समोरच्या बाईनं भांडणच हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला सरांचा फोन आला. मी डबा खाऊन जिन्यात उभी होते. ते म्हणाले, तुम्ही सगळ्यांत जुन्या आहात, कामही चोख आहे. मॅडमचं वय झालं, त्यांना आता सन्मानानं निवृत्त होऊ द्या. ऑफिस देऊळगावलाच राहील, प्रमुख तुम्ही, सही तुमची, एकाही बाईचं काम जाणार नाही. मी ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला ते पटत होतं. सगळ्यांचं काम वाचणार होतं, आणि माझ्या नावाची पाटी लागणार होती, नवऱ्याकडून परत आलेल्या बाईच्या नावाची, भर बालाजीच्या रस्त्यावर. खालून माझ्या सासरचं कुणी गेलं असतं तर त्यांनाही दिसली असती. मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "विचार करा. तुमच्या भागात अशी संधी परत परत येत नाही."

त्या 'तुमच्या भागात' वर माझं डोकं फिरलं. म्हणजे काय, आमच्या भागात आहे म्हणून आमची सही स्वस्त? पुण्यात इतकी माणसं बसली होती, त्यांच्यातल्या एकालाही स्वतःचं नाव त्या आकड्याखाली नको होतं, म्हणून तर ते इतक्या गोड आवाजात माझं नाव मागत होते. आणि आज हो म्हटलं की पुढच्या महिन्यात फोन करायचीही गरज नव्हती, ते मला गृहीत धरूनच चालणार होते. मी म्हणाले, "सर, नाही जमणार. आमच्या भागात उतरवून परत टेम्पोत ठेवलेल्या वांग्यांना विकलेली वांगी म्हणत नाहीत." त्यांना ते कळलं नसावं, कारण त्यांनी मला दोनदा "काय?" विचारलं. मी फोन ठेवला.

वर येऊन मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला कुणाला सही करायची असेल तर सरांचा नंबर माझ्याकडे आहे, हेही सांगितलं. शबाना म्हणाली, "मेरे को क्या नंबर देती? मला त्यांचा तो ठेचा खाऊन रडलेला चेहराच आठवून राह्यला." त्यावर सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यातच ते ठरून गेलं. बाई आत तक्ता तपासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण बराच वेळ त्यांचा चष्मा पुसणं चाललं होतं.

तक्ता बाईंनी आपल्या सहीनं पाठवला, उठबस वेगळ्या रकान्यात. महिनाभरात काम पुण्याला गेलं. तिकडं तोच तक्ता पुन्हा भरला गेला, आकडा त्यांना हवा तसा झाला, आमच्या बंदराचा पहिला नंबर आला, वर्तमानपत्रात हारतुऱ्यांचा फोटोही छापून आला. कुणाची चौकशी झाली नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, आणि कंपनीला कंत्राटही परत मिळालं. आम्ही बायका घरी बसलो. पुढं मला जालन्याला एका गोदामात मालाचा साठा बघायचं काम मिळालं, रोज बसनं जाऊन येते. शबानानं म्हशी वाढवल्या. एकदोघींना अजूनही धड काम नाही, आणि ते मी लपवणार नाही. बाई मागच्या उन्हाळ्यात जानेफळला गेल्या. रात्री झोपल्या त्या उठल्या नाहीत. अंत्यविधीला पुण्याहून कुणी आलं नाही. तो अकोल्याचा साहेब मात्र आला होता, आणि शेवटपर्यंत आमच्यात बसून होता.

पण मला बाई आठवतात त्या त्या दिवशीच्या नव्हेत, बंदराकाठच्या. ऑफिस बंद झालं त्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "चला पोरीहो, ज्याच्यासाठी काम गेलं ते एकदा पाहून तं घ्या." बसनं जालना, तिथून गाडी, असं करत आम्ही सगळ्या बंदराच्या गावी पोचलो. बंदराच्या फाटकावर पास मागितला. तिथल्या माणसानं नम्रपणे सांगितलं की तुमचं कंत्राट आता नाही, त्यामुळे पास मिळणार नाही. ज्या फाटकातून बाई सारी नोकरी आत-बाहेर करत होत्या, त्याच फाटकाबाहेर आम्ही पिशव्या घेऊन उभ्या. मला संताप आला. बाई म्हणाल्या, "त्याच्यावर काऊन चिडतं? तो त्याचा रकाना भरून राह्यला," आणि रिक्षा थांबवून आम्हाला खाडीच्या पलीकडे कोळ्यांच्या धक्क्यावर घेऊन गेल्या. तिथल्या एका मासळीवाल्या मावशींशी त्यांची जुनी ओळख होती. मावशींनी आम्हाला उलट्या टोपल्यांवर बसवलं.

समोर समुद्र होता. एवढं पाणी, आणि त्यानं एक वाफा भिजत नाही, हे माझ्या मनात आलं, कारण मी माळ्याची मुलगी आहे. पण थोड्या वेळानं आम्ही कुणी पाण्याकडे बघतच नव्हतो. खाडीपलीकडं एक जहाज लागलेलं होतं आणि उंच क्रेन त्याच्यातून खोके काढून ट्रकवर ठेवत होती. इतकी वर्षं डोळे मिटून पाहिलेलं ते उघड्या डोळ्यांसमोर चाललं होतं. शबानानं पहिला खोका मोजला, अगदी हळू. मग दुसरी मिसळली, मग सगळ्याच. क्रेन खोका ट्रकवर ठेवी आणि आम्ही एका सुरात आकडा म्हणू. शेजारचे कोळी जाळं विणायचं सोडून आमच्याकडे बघायला लागले. काम गेलेल्या बायका परक्या गावात बसून कुणी न सांगता मोजत होत्या, आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

मग क्रेननं एक नारिंगी खोका उचलला. तो ट्रकवर ठेवला नाही. बाजूला, जमिनीवर ठेवला. आमच्या तोंडून आकडा निघाला नाही, एकीच्याही नाही. त्याच्या खालचा निळा खोका वर आला, ट्रकवर बसला, तो आम्ही मोजला. मग क्रेननं तो नारिंगी खोका उचलून परत जहाजात ठेवला, आणि आम्ही पुन्हा गप्प.

बाई आमच्याकडे पाठ करून मावशींशी बोलत होत्या. आवाज थांबला तशा त्या वळल्या. "काय झालं वं?"

"काही नाही, बाई," मी म्हणाले. "उठबस आहे. आम्ही धरली नाही."

बाईंनी मान डोलावली आणि त्या परत मावशींकडे वळल्या. क्रेननं पुढचा खोका ट्रकवर ठेवला, आणि आम्ही पुढचा आकडा म्हटला.